क्रमशः नावाचा माणूस

काका गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. शेजारच्या बाई दारात येऊन नुसतं "मुलुंडहून फोन आहे" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघेनात, तेव्हाच कळलं. घाटकोपरहून आम्ही पोचलो तर मालक आमच्या आधी येऊन बसलेले. मालक म्हणजे काका ज्यांच्या बालमासिकासाठी चित्रकथा काढायचा ते प्रकाशक. काका त्यांना मालकच म्हणायचा, म्हणून मीही तेच लिहिते. काकाला अजून न्यायचं होतं, आणि मालकांनी पाण्याचा ओला पेला त्याच्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवला होता. त्या बोर्डाला काका कुणाला बोटसुद्धा लावू देत नसे. पेल्याखाली पाणी पसरत होतं, आणि मला रडू यायच्या आधी किळस आली. ती लपवून काहीतरी गोड लिहिणं मला जमणार नाही.

काकाच्या चित्रकथेचा नायक होता 'काजवा'. दिवसा घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडणारा साधा माणूस, पण अंधारात कुणी अडकलं की त्याचे तळहात उजळायचे. त्याला उडता येत नसे. मी विचारलं तर काका म्हणाला, "मुलुंडात उडणार कुठे? अँटेनात अडकून पडेल बिचारा." म्हणून काजवा जिने चढायचा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी मी अक्षरं लावत लावत वाचायचे. तरी, किंवा त्यामुळेच, नवा अंक तयार झाला की काका आधी मला वाचायला बसवायचा. मी अडखळले तो शब्द ब्लेडने खरवडून तिथे सोपा शब्द लिहायचा. "तुला कळलं ना, मग अख्ख्या महाराष्ट्राला कळलं," म्हणायचा. मला राग यायचा, पण माझ्या मराठीला न हसणारा तो एकटाच होता... एकदाच हसला. प्रत्येक भागाच्या शेवटी, कोपऱ्यात 'क्रमशः' असायचं. चित्रं काका काढतो, तेव्हा हा दुसरा कुणीतरी असणार असं मी धरून चालले होते. "काका, हा क्रमशः कोण रे? गोष्ट तो लिहितो का?" काकाने ब्रश खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अगं, तोच तर खरा बदमाश! दर वेळी गोष्ट अर्धी टाकून पळतो." आतून काकू तिच्या मालवणीत ओरडली, "कोण पळालो गो?" तेव्हापासून त्या घरात मी 'क्रमशःबाई'. मोठी झाले, कॉलेजात गेले, तरी कडी वाजवली की आतून काकाचा आवाज यायचा, "कोण, क्रमशःबाई का?"

मग घरोघरी टीव्ही आले आणि मालकांनी काजवा बंद करायचं ठरवलं. काकाने तक्रार केली नाही. शेवट मला हवा तसा करू द्या, एवढंच मागितलं. शेवटच्या अंकात वीज गेलेल्या इमारतीतून लोकांना खाली उतरवता उतरवता काजव्याचे हात विझत जातात. अखेरचं पान काकाने पूर्ण काळं केलं होतं. आधी त्यावर घरी येऊन झोपलेला काजवा काढला, रेघन् रेघ शाईने पक्की केली, आणि मग सगळ्यावर काळा रंग फिरवला. मी म्हटलं, "दिसणारच नाही तर काढलास कशाला?" "काढल्याशिवाय तो घरी पोचला हे मला कसं कळणार?" कोपऱ्यात पांढऱ्या रंगात एकच शब्द होता. समाप्त. "तुझ्या बदमाशाला या वेळी सुट्टी," काका म्हणाला.

अंक आला. काळ्या पानाच्या जागी घामोळ्यांच्या पावडरीची जाहिरात होती. एक उघडाबंब, केसाळ माणूस पाठ खाजवत हसत होता. आणि त्याच्या आधीच्या पानावर, काजवा अर्ध्या जिन्यात असताना, कुणाच्या तरी जाड्याभरड्या अक्षरात 'क्रमशः'. मालक म्हणाले, "काळं पान कोण बघतं हो? आणि समाप्त लिहिलं की पोरं मासिक घ्यायची थांबतात." पुढचा भाग कधीच येणार नव्हता. इमारतीतली मुलं काकाला गाठून विचारायची, "काका, काजवा कधी येणार?" त्याला खरं सांगवत नसे आणि खोटं बोलता येत नसे. "जिन्यात आहे रे अजून," म्हणायचा... आणि एका सकाळी दूध घेऊन वर येताना तोच जिन्यात बसला, तो उठलाच नाही.

मला यात काहीही सुंदर दिसत नाही. मालकांना दिसलं. शोकसभेत ते हात उंचावून म्हणाले, "काजवा जिन्यात विझला, पण त्याची कथा... क्रमशः!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आमच्या घरातली एक लहानशी थट्टा कुणीतरी उष्टी करून परत दिल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मालक घरी आले. त्यांना श्रद्धांजली अंक काढायचा होता. "वहिनी, आम्ही परत पाठवलेलं ते काळं पान द्या. आता त्याला अर्थ आलाय." काकूने माझ्याकडे बघितलं. "तू सांग गो. तो सगळा तुकाच दाखवायचो." चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी कसंबसं विचारलं, "त्यावर 'समाप्त' राहील ना?" मालक हसले. "ते कापून टाकू गं, बेटा. कलावंत काय समाप्त होतो?"

"मग नाही," मी म्हटलं.

ते बराच वेळ बोलत राहिले. काकाचं नाव होईल म्हणाले, इंग्रजी शाळेतल्या मुलींना मराठी माणसाच्या भावना काय कळणार, असंही म्हणाले. मी पान दिलं नाही. जाताना त्यांनी पेला परत बोर्डावरच ठेवला. काकूने तो उचलून मोरीत आपटला.

बोर्डावरचा डाग काही निघत नाही. पान तिथेच त्याच्या शेजारी आहे. दुपारी खिडकीशी नेऊन तिरपं धरलं की काळ्याखालच्या रेघा उठून येतात. कुशीवर वळलेला माणूस, उशाखाली हात, तोंड जरासं उघडं... काका झोपायचा तसं. छापलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

परवा मुलुंडला गेले, कडी वाजवली. आतून काकूने विचारलं, "कोण?"

मी माझं नाव सांगितलं.