नागापूरचा रोलर आणि बंडूचा कॅमशाफ्ट

एकोणीसशे बहात्तरच्या जानेवारीत मी माझी गाडी घेऊन पुण्याहून नगरला गेलो, ते तिची ताकद मोजायला, असं सगळ्यांना सांगून. खरं कारण वेगळं होतं. मला बंडूला पकडायचं होतं.

बंडू म्हणजे माझा पहिलीपासूनचा मित्र. एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. पुढे तो गॅरेज टाकून बसला आणि मी विमा कचेरीत लागलो. माझं काम दावे तपासायचं. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि मग तो खरा निघाला तर सही करायची. मुळात मी संशयी, त्यात पगारही त्याचाच. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी गवळ्याला आजही जाऊ देत नाही.

गाडी होती दोन सीटची, कापडी टपाची, लाल रंगाची विलायती स्पोर्ट्‌स कार. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ती कोपऱ्यात टाकून दिली होती म्हणून माझ्यासारख्याला परवडली. बंडूने सहा महिने खपून ती चालती केली. मग आम्हाला हौस सुटली. एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले, सायलेन्सर मोकळा केला. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने बनियनमध्ये गुंडाळून इंग्लंडहून एक शर्यतीचा कॅमशाफ्ट आणला. इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा हा दांडा. तो बदलला की इंजिन जास्त श्वास घेतं आणि जास्त पळतं. कंपनीच्या पुस्तकात या गाडीचे पन्नास हॉर्सपॉवर लिहिले होते. दिवाळीत कॅमशाफ्ट बसवून झाल्यावर बंडू हात पुसत म्हणाला, "अठ्ठावन्न कुठे गेले नाहीत."

डिसेंबरात दिवे घाटात अगदी अशीच एक गाडी मला मागे टाकून सुसाट निघून गेली. माझा पाय तळाला टेकलेला. ती गाडी होती एका कंत्राटदाराची आणि तिचंही काम बंडूच करायचा. त्या रात्री मला झोप आली नाही. कॅमशाफ्ट असतो इंजिनाच्या पोटात, उघडल्याशिवाय दिसत नाही. माझा कॅमशाफ्ट कंत्राटदाराच्या गाडीच्या पोटात गेला असेल तर?

बंडूला विचारायची हिंमत झाली नाही. कचेरीतल्या, नगरला जाऊन-येऊन असणाऱ्या एका माणसाने सांगितलं की नागापूरला नवी औद्योगिक वसाहत होतेय, तिथे शिंदे मिस्त्री म्हणून एक जण आहे, त्याने गाड्यांची ताकद मोजायचं यंत्र घरीच बनवलंय. मी बंडूला म्हटलं, फेब्रुवारीत घाटातली शर्यत आहे, त्याआधी गाडी नीट लावून घेऊ. तो इतका खूश झाला की मला त्याचाही संशय आला. साव असल्याचा आव, दुसरं काय.

शनिवारी पहाटे सहाला निघालो. कापडी टप असलेल्या गाडीतून जानेवारीत जाणार असाल तर कानटोपी न्याच. वाघोली मागे पडल्यावर थंडीने माझे दात वाजायला लागले, आणि बंडू शेजारी बसून इंजिनाला कान लावून होता. "ऐकतोयस ना? काय सुरेख बोलतेय!" मला फक्त वारा ऐकू येत होता. तेव्हा रस्ता एका गाडीपुरता डांबरी, समोरून ट्रक आला की डावी चाकं मुरमावर उतरवायची. आज तुम्ही दोन-अडीच तासांत नगर गाठाल. आम्हाला चहा-भजी धरून साडेचार लागले. पेट्रोल लिटरला दीड रुपयाच्या आगेमागे होतं, त्यामुळे त्याची काळजी नव्हती.

शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. सुप्याला एका टपरीवर कांदाभजी खाल्ली. घाणा समोर, मिरच्या तळून वरून मीठ. भजी उत्तम होती. तेल मात्र दोन दिवसांचं असणार, असं मी बोलून दाखवलं. बंडू म्हणाला, "अरे, तू जेवतोस की पंचनामा करतोस?" मी हसलो, पण तोंड आंबट झालं. हा माणूस इतका निवांत कसा?

केडगावानंतर शहर सुरू झालं. लष्करी ट्रकांची रांग जाईपर्यंत थांबलो. दूर डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसत होता. बंडूला तिथे जायचं होतं, वरून सगळं नगर दिसतं म्हणे. मी म्हटलं, आधी काम. तुम्ही गेलात तर जरूर चढा. मला ते त्या दिवशी जमलं नाही आणि पुढेही नाही.

नागापूर मनमाड रस्त्यावर, शहराबाहेर. तेव्हा तिथे आखलेले प्लॉट, बाभळी आणि मध्येच एखादी पत्र्याची शेड. शिंदे मिस्त्रींची शेड पाटीवरूनच ओळखू आली. 'इंजिनाची खरी ताकद मोजून मिळेल.' यातला 'खरी' लाल रंगात.

मिस्त्री पन्नाशीचे, खाकी अर्धी चड्डी, कानाला पेन्सिल. त्यांचं यंत्र पाहून मी थक्क झालो, हे कबूल करतो. जमिनीत खड्डा आणि त्यात उसाच्या चरकातले दोन जाडजूड लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यावर ठेवायची, पुढची साखळीने बांधायची. चाकं फिरली की रोलर फिरतात. एका रोलरच्या टोकाला लोखंडी डबा, त्याला जाड पट्ट्याचा वेढा आणि पट्ट्याचं टोक वर टांगलेल्या तबकडीच्या काट्याला. पट्टा आवळत न्यायचा, रोलरला जोर लावून अडवायचं, काटा किती ओढ दाखवतो ते वाचायचं, फेरे मोजायचे आणि पाटीवर गणित. डबा तापून लाल होऊ नये म्हणून मिस्त्री स्वतः झारीने पाणी ओतत.

"डिझेल इंजिनं लई येत्यात," ते म्हणाले. "शेतकरी विहिरीवर बसवायच्या आधी हितं आनतो. कंपनी धा हॉर्सपॉवरची पाटी लावती, निघत्यात साडेआठ. एक बी पुरं भरलं न्हाई आजवर. ह्या कंपन्या सगळ्या लबाड, साहेब."

मला माणूस फार आवडला. माझ्याच पंथातला.

शेडमध्ये एक म्हातारे शेतकरी त्यांचं इंजिन मोजून घ्यायला थांबले होते. राहात्याकडचे कोंडाजीबाबा. ट्रकमध्ये जागा मिळवून आले होते, सोबत इंजिन आणि नगरला घेतलेली खताची गोणी. "आधी तुमचं हुंद्या," ते म्हणाले. "आमाला बी बघाया मिळंल, हे लाल पाखरू कसं वरडतंय ते."

पहिल्या फेरीत पत्रे थरथरले. वाफ, जळक्या पट्ट्याचा वास, कान बधिर. मिस्त्रींनी गणित केलं. त्रेचाळीस.

बंडूचा चेहरा पडला. त्याने प्लग काढून पाहिले. काळे पडले होते, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. त्याने दोन्ही कार्बोरेटरच्या सुया खाली केल्या, दोन्हींचा श्वास सारखा येतो का हे रबरी नळी कानाला लावून ऐकलं. ठिणगी थोडी आधी पडेल असं केलं. दुसरी फेरी, सत्तेचाळीस. पुन्हा प्लग, पुन्हा सुया. प्लगचा रंग भाजलेल्या पोळीसारखा आला तेव्हा तो म्हणाला, "आता याहून चांगली लागणार नाही." तिसरी फेरी. पन्नास. चौथीलाही पन्नास.

"चाकापत्तुर येताना जे गळतं ते बी धरलंय मी," मिस्त्री म्हणाले. "पन्नासच."

पन्नास. कंपनीच्या पुस्तकात जुन्या कॅमशाफ्टला होते तेवढेच.

मला राग आला नाही, आधी आनंद झाला. हे लिहायला आज लाज वाटते, पण झालं ते असं. महिनाभर जे मनात कुजत होतं त्याला पुरावा मिळाला होता. मग राग आला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "बंडू, माझा कॅमशाफ्ट कुठे आहे?"

"इंजिनात."

"कुणाच्या?"

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने हातातला पाना फडक्यावर ठेवला, हळूच. "तुला वाटतं मी तो चोरला?"

"मला काही वाटत नाही. काटा सांगतोय." मग मी कंत्राटदाराची गाडी, दिवे घाट, सगळं बोललो. कचेरीत बोलतो तसं, मुद्देसूद. मिस्त्री माझ्या बाजूने मान हलवत होते.

कोंडाजीबाबा मात्र काट्याकडे बघत होते. ते उठले, जवळ गेले, तबकडीवरून बोट फिरवलं. "मिस्त्री, ह्यो काटा कुठून आनला?"

"श्रीरामपुरातून. एका आडत्यानं दुकान मोडलं, तवा सस्तात घेतला. का?"

"आडत्याचा काटा!" म्हातारा हसायला लागला. "आरं, तीस वर्सं गूळ इकलाय मी. आडतीत माल घालायचा म्हंजी कडता जायाचाच. माती म्हनून काप, वल म्हनून काप. ते तोंडावर कापायचे, आन जे तोंडावर कापवंना ते काट्यात बसवायचे. काटा आला तर त्येची खोड बी संगट आली असंल की!"

"तसं न्हाई हुयाचं बाबा," मिस्त्री म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"टांगा की मंग माजी गोनी. शिलबंद हाय, पन्नास किलोची. सोसायटीतनं घेतलीया."

पट्टा सोडला आणि गोणी टांगली. काटा हलला, डोलला आणि त्रेचाळीसवर थांबला. गोणी काढून पुन्हा लावली. त्रेचाळीस.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. आमचे पन्नास त्यांनी त्या हिशेबाने पुन्हा मांडले. अठ्ठावन्न, आणि वर थोडं. मग ते तिथेच खाली बसले. डिझेल इंजिनांच्या साडेआठचेही जवळजवळ दहा होत होते. आजवर त्यांनी किती शेतकऱ्यांना डीलरशी भांडायला पाठवलं असेल. "सगळे लबाड हायेत म्हनताना काटा तपासायचं सुचलंच न्हाई," ते एवढंच म्हणाले.

मी बंडूकडे गेलो. "चुकलो यार," म्हटलं. "चल, आता महालावर जाऊ."

बंडूने पाना उचलला. "थांब. इंजिन उघडतो."

"कशाला? झालं ना सिद्ध!"

"काटा खोटा निघाला म्हणून मी खरा ठरलो. तू विश्वास ठेवलास म्हणून नाही. तू डोळ्यांनी बघ."

मी खूप विनवलं. मिस्त्री मध्ये पडले, बाबा म्हणाले, "जाऊंद्या की पावनं, मित्रच हाय." त्याने ऐकलं नाही. तीन तास लागले. पुढची जाळी काढली, साखळी काढली, दांडा बाहेर ओढला आणि फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. टोकावर इंग्लंडच्या कारखान्याचा छाप होता. मामाने दाखवला होता तोच. "दिसला?" मी मान हलवली. "नीट बघ. परत उघडायला लागू नये." मग तितक्याच काळजीने त्याने सगळं पुन्हा बसवलं.

मुक्कामाचा बेत होता, पण बंडू म्हणाला, घरी जाऊ. नगरच्या एसटी स्टँडसमोर भाकरी आणि आमटी खाल्ली. आमटी इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं आणि मला ते बरंच वाटलं. परतीच्या वाटेवर गाडी सुंदर चालत होती. सुया नीट बसल्या होत्या, चढावर गिअर बदलायचीही गरज पडत नव्हती. इंजिन काय सुरेख बोलतंय हे मला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि शेजारचा माणूस झोपल्याचं सोंग घेऊन बसला होता.

दिवे घाटातल्या त्या गाडीचं कोडं पुढच्याच आठवड्यात सुटलं. कंत्राटदाराने मुंबईहून आख्खं मोठं इंजिनच आणून बसवलं होतं. बंडूला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं.

शर्यतीला बंडू आला. गाडी लावून दिली, आम्ही तिसरे आलो. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. त्याच्या मुलांच्या लग्नांत मी पंगतीत वाढलं आणि माझ्या सगळ्या गाड्या शेवटपर्यंत त्याच्याच हातून गेल्या. लोकांना आमची मैत्री उदाहरण म्हणून सांगायची सवय आहे.

फक्त एक झालं. त्या वर्षापासून मी बंडूच्या गॅरेजमधून गाडी परत न्यायला गेलो की शेजारच्या सीटवर वर्तमानपत्राची पुडी असायची. काढलेला जुना प्लग, झिजलेला ब्रेकचा तुकडा, फाटलेला पट्टा, जे काही बदललं असेल ते. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला तो असं देत नसे, मी पाहिलंय. तीस वर्षांनी एकदा धीर करून म्हटलं, "बंडू, आता पुरे कर ना हे."

तो बॉनेट पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "असू दे रे. तुला विचारायला लागू नये."