वीजबिलावरचं नाव

बारा मे २०२१, बुधवार, सकाळी साडेदहा. रक्कम तीनशे युरो, बँकेच्या कार्डावर वेगळी काढून ठेवलेली. हजर: मी, माझी पत्नी आणि काचेपलीकडे मास्क लावलेला इमिग्रेशनचा अधिकारी. ठिकाण गॉलवेचं गार्डा स्टेशन, म्हणजे इथलं पोलीस ठाणं. पत्नीला माझ्याबरोबर या देशात राहता येणार की नाही, ते त्या खिडकीवर ठरायचं होतं. मी आयरिश नागरिकत्व घेतलेला, ती भारतीय. आमचं लग्न खरं आहे आणि आम्ही एका घरात राहतो, एवढंच कागदांनी दाखवायचं होतं.

एवढंच, असं मलाही आधी वाटलं होतं.

मी इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या आम्ही बनवतो. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. दुसरा नियम खोडण्याचा. नोंद चुकली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख. पांढरी शाई आत आणायलाच बंदी आहे. तेव्हा कागदपत्रांची काळजी तू करू नकोस, असं मी पत्नीला सांगून टाकलं होतं.

ही माझी दुसरी पत्नी. पहिली २०१६ साली आजारपणात गेली, तेव्हा आमची मुलगी बारा वर्षांची होती. दुसरं लग्न जानेवारी २०२० मध्ये सांगलीला रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं. पत्नी तिथे शाळेत गणित शिकवत होती. वडिलांचं दुखणं काढता काढता हिचं लग्नाचं वय गेलं, असं लोक म्हणायचे. माझी रजा संपली, मी परत आलो, तिचा व्हिसा व्हायचा होता, आणि तेवढ्यात विमानंच बंद झाली. ती पोचली ऑक्टोबरात. अनेक वर्षांची नोकरी सोडून आली होती. परत जावं लागलं असतं तर ती जागा काही तिची वाट बघत थांबलेली नव्हती.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडले. दोन पासपोर्ट. लग्नाचा दाखला. पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला, कारण मी लग्नाला मोकळा होतो हे दाखवावं लागतं. लग्नाचा एक फोटो, ज्यात आम्ही दोघं वेगवेगळ्या एसटीची वाट पाहत असल्यासारखे उभे आहोत. मग राहिला एकाच पत्त्याचा पुरावा. घर माझ्या नावावर. बँकेत जोडखातं उघडायचं तर बँक म्हणे, बाईंच्या पत्त्याचं काहीतरी आणा, वीजबिल चालेल.

"मग आणा की वीजबिल," पत्नी म्हणाली. "तुमच्या कारखान्यात नळीलासुद्धा जन्मदाखला असतो म्हणता. मी या घरात राहते त्याचा एक कागद निघू नये?"

मी फाईल काढली नाही. उद्या बघू म्हणालो.

विजेचं खातं पहिल्या पत्नीच्या नावावर होतं. आम्ही २००९ साली गॉलवेत आलो तेव्हा मी शिफ्टला असायचो. फोन करून, दोनदा आडनाव सांगून, मीटरचे आकडे वाचून खातं तिनेच उघडलं होतं. पैसे माझ्या बँकेतून परस्पर जात. ती गेल्यावर बाकी सगळीकडचं नाव मी महिनाभरात बदललं. हे एक बदललं नाही. विसरलो होतो असं म्हणता येणार नाही, कारण दर दोन महिन्यांनी पाकीट यायचं आणि त्याच्या खिडकीतून तिचं नाव दिसायचं. मुलगी ते दारातून उचलून आणायची आणि हॉलमधल्या फळीवर उभं करून ठेवायची. चार-पाच दिवसांनी मी ते फाईलला लावायचो. यावर आम्ही बापलेक कधी बोललो नव्हतो.

आठवडा गेला. पत्नीच्या काय ते लक्षात आलं असावं. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, राहू द्या ते नाव. मी दुसरं काही शोधते. लायब्ररीचं कार्ड चालेल का?"

लायब्ररी बंद होती. सगळंच बंद होतं.

शेवटी मी मुलीला सांगायचं ठरवलं. शाळा ऑनलाईन असल्याने ती घरीच होती. टेबलापाशी उभ्याउभ्याच तिने सगळं ऐकून घेतलं. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इथल्या मुलांसारखं इंग्रजी.

"सो यू'ल जस्ट कॅन्सल हर?" ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत पत्नीने गॅस बंद केला आणि वळली. "मग मी परत जाऊ का गं? रागावून नाही विचारत. तसं असेल तर आत्ताच ठरवू."

"नो! मावशी, दॅट्स नॉट व्हॉट आय मीन."

"मग काय म्हणायचंय ते मराठीत सांग. तुझं गॉलवेचं इंग्रजी मला निम्मंच कळतं."

मुलगी अडखळत म्हणाली, "ते पाकीट येतं ना... आलं की मला बरं वाटतं. तिला कोणीतरी लिहितं."

पत्नी खुर्ची ओढून बसली. मला म्हणाली, "जुनी बिलं आहेत ना सगळी?"

"पहिल्यापासून."

"मग ती फाईल हिच्या खोलीत राहील. आणि फोन तुम्ही हिच्यासमोर करा. मागून काही नको."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला, स्पीकरवर. पलीकडे शेजारच्या मेयो काउंटीकडच्या बोलीची एक बाई होती. म्हणाली, खातेदाराशीच बोलावं लागेल. मी म्हणालो, त्या वारल्या. कधी? पाच वर्षं होतील. पलीकडून टाईप केल्याचा आवाज थांबला. "आय'म सॉरी फॉर युअर ट्रबल," ती म्हणाली. इथे मयताच्या घरी हात हातात घेऊन हेच म्हणतात. २०१६ साली रांगेत उभं राहून शेजाऱ्यांनी मला हेच म्हटलं होतं.

मी तिला विचारलं, जुनं नाव ठेवून त्याखाली नवं लिहिता येईल का. कारखान्यातली ती आडवी रेघ माझ्या मनात होती.

"नो, लव्ह," ती म्हणाली; इथे अनोळखी माणसालाही असंच म्हणतात. तिची पद्धत वेगळी होती. जुनं खातं बंद करायचं, आम्हा दोघांच्या नावे नवं उघडायचं. बँकेतून परस्पर पैसे जायची सोय जुन्या खात्याबरोबरच संपेल, म्हणून त्याचं शेवटचं बिल वेगळं येईल, जुन्याच नावाने. ते हाताने भरावं लागेल.

मीटरचे आकडे हवे होते. मुलगी बाहेर जाऊन ते वाचून आली.

नव्या नावाचं पहिलं बिल एप्रिलमध्ये आलं. त्यावर बँकेने जोडखातं उघडलं. असे आमचे दोन-तीन कागद जमले आणि इमिग्रेशनकडून मे महिन्यातली वेळ मिळाली. जुन्या नावाची अलीकडची बिलंही मी गठ्ठ्यात लावली होती. पत्नी आदल्या दिवशी म्हणाली होती, "कशाला? उगाच प्रश्न विचारतील." पण फेब्रुवारीत अचानक एक घर उगवलं आणि त्याला वीज लागायला लागली, असं दिसलं असतं. साखळी तुटलेली मला चालत नाही.

अधिकारी तरुण होता. त्याने गठ्ठा सावकाश चाळला. एका बिलावर थांबला, मग मागच्या, मग त्याच्या मागच्या. ते बिल काचेला लावून विचारलं, "अँड हू इज धिस लेडी?"

मृत्यूचा दाखला त्याच गठ्ठ्यात खाली होता, बोट दाखवायचं एवढंच काम, ते मला जमेना.

पत्नीने मास्क नीट केला आणि शाळेत शिकवायच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाली, "ही यांची पत्नी. हे घर तिने लावलं. ती वारली. त्यानंतर मी आले. दाखला खाली आहे, निळ्या प्लास्टिकमध्ये."

त्याने दाखला काढला, तारीख पाहिली, आमच्या लग्नाची तारीख पाहिली. नवं बिल जुन्या बिलाशेजारी ठेवून पत्ता ताडून पाहिला. मग पत्नीला विचारलं, घरात आणखी कोण असतं?

"मुलगी."

"युअर्स?"

"त्या बिलातल्या बाईंची," पत्नी म्हणाली. "आणि आता थोडी माझी."

तो हसला की नाही ते मास्कमुळे कळलं नाही. बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतला. कार्ड टपालाने येईल म्हणाला. मी बँकेचं कार्ड पुढे केलं तर त्याने नकारार्थी मान हलवली. आयरिश नागरिकाच्या जोडीदाराला फी नसते. मी नियमांचं अख्खं पान वाचलं होतं, ती ओळ कशी सुटली कोण जाणे.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. गाडीत बसल्यावर पत्नी म्हणाली, "लग्नात हुंडा नाही, इथे फी नाही. माझी किंमत धरायची तरी किती?" आणि मग मास्क काढून रडली. मी गाडी सुरू केली नाही.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. फळीवर दोन पाकिटं उभी होती, दोन्ही जुन्या नावाची. एक बंद खात्याचं शेवटचं बिल, एक त्याचं स्मरणपत्र. बिलात छापलं होतं की तुम्ही आम्हाला सोडून जात आहात याचं वाईट वाटतं. मी ते भरलेलं नव्हतं. तोवर माझं एकही बिल मुदतीबाहेर गेलं नव्हतं.

मुलीला ते माहीत होतं. "इफ वी डोन्ट पे, विल दे राईट अगेन?"

"लिहितील," मी म्हणालो. "एकदा, दोनदा."

ती पत्नीकडे बघत राहिली. पत्नीने तिच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं. "तिच्या नावावर थकबाकी नको गं," ती म्हणाली. "तिने सुरू केलं, आपण नीट संपवू."

मुलीने मान डोलावली. उठून ती दोन्ही पाकिटं घेऊन आली, बिलावरचा खाते क्रमांक मोठ्याने वाचू लागली आणि मी तो फोनवर टाकत गेलो. त्रेचाळीस युरो सतरा सेंट, वीज कंपनीला, तिच्या खात्यावर, तिच्या नावे भरले.