पंगतीतली नववी

अल्लीपूरला, सासरी, जायच्या दिवशी वर्षालीने सकाळची गोळी नेहमीसारखी न्हाणीत जाऊन, नळ सोडून घेतली. गोळ्या ठेवायची डबी थायरॉइडची होती. थायरॉइड तिला नव्हतंच. पण लग्न ठरताना तिच्या वडिलांनी सासरी तेवढंच सांगितलं होतं. मुलीला फिट येते हे कोण सांगतं? "बऱ्याच दिवसांत आली नाई ना? मंग संपलं ते," असं म्हणून त्यांनी पत्रिका छापायला टाकल्या होत्या.

संपलं नव्हतं. लग्नानंतर एकदा वर्धेजवळ सिंदी मेघेला, दोघांच्या घरी, याच न्हाणीत आली. नवरा, प्रफुल, कामावर गेला होता. शुद्धीवर आल्यावर तिने फरशीवरचं रक्त स्वतः पुसलं आणि संध्याकाळी त्याला सांगितलं, पाय घसरला. डाव्या भुवईत खूण राहिली. प्रफुल दुसऱ्याच दिवशी बाजारातून खरबरीत पायपुसणं घेऊन आला आणि न्हाणीच्या दारात टाकून म्हणाला, "आता नाई घसरत." ते पायपुसणं ती अजून ओलांडूनच आत जात असे.

डॉक्टरांनी तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या. जागरण, चुकलेली गोळी आणि लुकलुकणारा उजेड. तिसरी तिला सांगायची गरज नव्हती. शाळेत असताना ती पहिल्यांदा पडली तीच मावसबहिणीच्या मांडवात, लायटिंगच्या माळांखाली.

अशा बाईने व्हिडिओ गेमच्या वाटेला जाऊच नये. पण वर्धेच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवता शिकवता तिला नेटवर एक गट सापडला. नव्वद सालाच्या आसपास घरोघरी आलेल्या, टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमसाठी हौसेने नवे खेळ लिहिणारी ही माणसं. त्या जुन्या यंत्राच्या मर्यादा तिथे कुणी लपवत नव्हतं. स्मृती एवढीच, रंग एवढेच. आणि एका आडव्या ओळीत हलणारी चित्रं आठच. नववं आलं तर ते दिसतच नाही. म्हणून लिहिणारे सगळ्यांना आळीपाळीने दाखवतात, आणि मग ती ओळ लुकलुकायला लागते.

हे वाचून तिने आधी लॅपटॉप बंद केला होता. मग पुन्हा उघडला. नववं येऊच दिलं नाही तर?

त्यातून तिचा 'पंगत' हा खेळ निघाला. पाहुणे येत राहतात, त्यांना ओळीत बसवायचं. रुसलेल्या जावयाला टोकाला जागा लागते. दोन जावा शेजारी बसल्या की उठून जातात. शुगरवाल्या काकांपासून जिलबीची परात लांब ठेवावी लागते. आणि एका ओळीत आठच बसतात, नववा बसवायला गेलं की पंगत मोडते. गटातल्या लोकांना हा नियम फार आवडला. तिच्यासाठी ती आतून लावलेली कडी होती.

लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम होता. त्यात लुकलुक बंद ठेवायची सोय होती. ती तिने पहिल्याच दिवशी चालू केली आणि तिच्या आधाराने सगळा खेळ लिहून काढला. पण खेळ कॅसेटवर काढायच्या आधी गटाची एक अट होती. आपापल्या भागात विकली गेलेली नकली यंत्रं आपापल्या तऱ्हेने वागतात, तेव्हा लिहिणाऱ्याने आपल्याकडच्या खऱ्या यंत्रावर, डब्बा टीव्हीवर, खेळ शेवटपर्यंत चालवून पाहायचा. गटातल्या पुण्याच्या अश्विनने त्यासाठी मेमरी कार्ड बसणारी एक कॅसेटही पाठवली.

प्रफुलच्या लहानपणचं यंत्र अल्लीपूरला माळ्यावर होतं. डब्बा टीव्हीही तिथेच, सासूबाईंच्या खोलीत. रविवारी मयुरीला, म्हणजे प्रफुलच्या बहिणीला, पाहायला पाहुणे येणार होते, त्यामुळे जायचं होतंच.

प्रफुलला कोण आनंद झाला. त्याने यंत्र उतरवलं, फुंकर मारून धूळ काढली, वायरी जोडून दिल्या. "आता तू चालवून पाय. मी आन् बाबा हिंगणघाटले जाऊन येतो." मयुरी ब्लाउज घ्यायला शिंपिणीकडे गेली. घरात वर्षाली आणि सासूबाई, मनकर्णाबाई, दोघीच उरल्या.

वर्षालीने खोलीच्या खिडक्या उघडल्या, ट्यूब लावली आणि टीव्हीपासून जमेल तेवढी लांब बसली. एक डोळा तळहाताने झाकला की लुकलुकीचा जोर कमी होतो, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. उजव्या हाताने बटण दाबायचं, डाव्याने डोळा. तिने कॅसेट लावली. निळा पडदा आला, मग मांडव, मग पहिली पंगत. काही झालं नाही. तिने तळहात मात्र डोळ्यावरून काढला नाही.

मनकर्णाबाई सुपात तूर घेऊन आत आल्या आणि भिंतीला टेकून निवडत बसल्या.

"हाच का वं तुया खेळ? ज्यासाठी माया पोराले गरम पोळी भेटत नाई म्हणते?"

"गरमच भेटते आई. ते मोबाइल पाहात खाते, तं थंडी होते."

"हा कोण? गाल फुगवून?"

"जावई."

"बरोबर फुगवले. अन् सासू कुठी बसते तुया पंगतीत?"

"सासू नाई बसत. ती उभी राहून पाह्यते."

"अन् सून?"

"वाढते."

मनकर्णाबाई खुसखुसल्या. "हे एक बरं केलं बाई तू."

दुसरी पंगत झाली, तिसरी सुरू झाली. आठ पाहुणे बसले. पदर खोचलेली वाढणारी डावीकडून ओळीत शिरली, आणि वर्षालीला उघड्या डोळ्यात काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं. विचार करायच्या आत ती गर्रकन वळली आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. समोरच्या भिंतीवरही उजेड थरथरत होता की तिचं तिलाच वाटत होतं, कळेना. तिने डोळे घट्ट मिटले.

जिभेवर लोखंडाची चव आली.

ही चव तिला ओळखीची होती. मांडवात आली होती, न्हाणीतही आली होती. कधी कधी ती येऊन नुसती निघून जाते. कधी कधी नाही.

"काय झालं वं?"

"काई नाई. मानेत लचक भरली." थाप जिभेवर तयारच होती, त्या चवीच्याही वर. "आई, तुमी पाहा ना जरा. काय लुकलुकते पडद्यावर?"

"सारीच लुकलुकून राह्यली. अन् ते वाढणारी तं अशी दिसते, अशी नाई. सून तुयी."

तेव्हा वर्षालीच्या ध्यानात आलं. जेवणारे आठ तिने पुन्हा पुन्हा मोजले होते, पण वाढणारी मोजलीच नव्हती. पंगतीत वाढणारीला कोण मोजतं? तिच्या माहेरी नाही, सासरी नाही. तिने स्वतः लिहिलेल्या खेळातही नाही.

चव जात नव्हती. आता आली तर जवळ या बाईशिवाय कुणी नाही. ही घाबरून तोंडात चमचा घालेल, पाणी ओतेल, चार शेजारणींना हाका मारेल. कुणीतरी कांदा नाकाशी धरेल, कुणीतरी चप्पल. सांगितलं तर संसाराचं काय होईल, याची भीती ती लग्नापासून बाळगत आली होती. पण न सांगता इथे या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुदमरून मरण्याची भीती आत्ता, या घटकेला, त्या भीतीहून मोठी झाली.

"आई, टीव्ही बंद करा. मले फिट येते. आता आली तं मले कुशीवर करजा. तोंडात काई नका घालू. कोणाले बोलावू नका. आपोआप थांबते."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. तुरीचे दाणे घरंगळले. टीव्हीचा खटका. मग मनकर्णाबाई तिच्या मागे येऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले, इतके घट्ट की दुखायला लागलं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. वर्षाली वाट पाहत राहिली. चव हळूहळू पातळ झाली आणि गेली.

"गेली," ती म्हणाली.

खांद्यांवरचे हात सुटले नाहीत. "थायराइड?"

"नाई."

"अन् हे भुवईचं? न्हाणीतलं?"

"तेच."

"प्रफुलले?"

"माहीत नाई."

मग हात सुटले. मनकर्णाबाई जमिनीवरचे दाणे एकेक करून वेचायला लागल्या, आणि वेचता वेचता बोलल्या. आवाज रागाचा नव्हता. हलका होता, दाराकडे लक्ष ठेवून काढलेला.

"रईवारी पाव्हणे येऊन राह्यले. मयुरीचं होईस्तोवर हे ह्या भिंतीबाहेर नाई गेलं पाह्यजे. लोक म्हणतीन, वयनीले हाय, घरातच हाय. कोण पाह्यते, कोण कोणाची रक्ताची ते."

"हो."

"प्रफुललेही नाई. त्याच्या पोटात काई राहात नाई. मंग मी सांगीन त्याले."

"हो आई."

"अन् आजपासून तू हिरीवर नाई जायचं. गॅसपाशी एकटी नाई. कोणी इचारलं तं सांगजो, सासू पाण्याले हात लावू देत नाई. मी वाईट झालेली चालते."

वर्षालीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतके दिवस तिची भीती तिच्या एकटीची होती. आता ती दोघींची झाली, आणि दोघींची झाली म्हणून तिला ती आणखी मोठी वाटली. मयुरीचं लग्न जमलं नाही तर तेही आता तिच्याच माथी.

"तुया ह्या खेळाचं काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"एक पाव्हणा उठवा लागन. वाढणारी मोजलीच नव्हती."

"मंग उठव जावयाले. रुसलेलाच हाय, अजून रुसन."

लॅपटॉप मांडीवर घेऊन वर्षालीने ओळीतला एक माणूस काढला, वाढणारी मोजणीत धरली, कार्ड पुन्हा कॅसेटमध्ये घातलं. मनकर्णाबाईंनी टीव्ही लावला. वर्षाली टीव्हीकडे पाठ करून बसली आणि हातातली बटणं सासूबाईंच्या सांगण्यावर दाबत गेली. डावीकडे. अजून. बसला. आता त्या बाईजवळ तिची जाऊ नको, भांडतीन.

"वाढणारी आली का?"

"आली."

"लुकलुकते?"

मनकर्णाबाई पडद्याजवळ सरकल्या. "नाई. चांगली उभी हाय."

एकेक पंगत उठत गेली. शेवटच्या पंगतीला सुरुवात झाली आणि वेशीकडून मोटारसायकलचा ओळखीचा आवाज आला.

"इकडे तोंड कर," मनकर्णाबाई पटकन म्हणाल्या. "पाठ करून बसलेली दिसली तं इचारीन तो."

वर्षाली एक डोळा झाकून वळली. पडद्यावर सात जण बसले होते आणि आठवी वाढत होती, न लुकलुकता. तिने तळहात डोळ्यावरून काढून मांडीवर ठेवला. अंगणात गाडी बंद झाली.