डावीकडची थाप

"आता दिसतेय का?"

"नाही."

"आता?"

"नाही, मॅडमजी. आवाज येतोय फक्त."

मी एका बाराचाकी ट्रकच्या डाव्या बाजूला उभी होते. अंगात केशरी जॅकेट, हातात चुन्याचा डबा. कबड्डीचं मैदान आखायला वापरतात तोच चुना. ड्रायव्हरच्या सीटवर गायकवाड बसले होते. माझ्यापासून ते फार तर पाच पावलांवर, पण उंच. त्यांना मी डाव्या खिडकीतून दिसत नव्हते आणि आरशातही दिसत नव्हते. मी एकेक पाऊल सरकायची. "दिसल्या" असं ते म्हणाले की तिथे चुना टाकायची. तासाभरात ट्रकच्या डाव्या अंगाला एक मोठं पांढरं पोट आखून झालं. त्या पोटात चार स्कूटर आरामात मावल्या असत्या. गायकवाडांना त्यातली एकही दिसली नसती.

तीनच दिवसांपूर्वी मी या माणसाबद्दल एक पॅम्फ्लेट छापलं होतं. मथळा होता, "अंधे ड्राइवर, बहरे मालिक". खाली त्यांच्या ट्रकचा फोटो.

मी मूळची जळगावची. इंदूरला शिकायला आले आणि राहिले. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत फील्ड ऑफिसर आहे. आमचं ऑफिस बडा गणपतीजवळ एका दुकानाच्या वर आहे. कॉलेजात असल्यापासून चौकात उभी राहून पॅम्फ्लेटं वाटत आले, त्यामुळे मला दोनच रंग दिसायचे. ट्रकवाला काळा, बाकी सगळे पांढरे. अजूनही मला राग लवकर येतो आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही. रस्त्यावर माणसं मरतात आणि लोक 'नशीब' म्हणून चहा प्यायला निघून जातात, याचा राग यायलाच हवा. फक्त राग कुणावर काढायचा, हे आधी बघून घ्यावं. ते मी या प्रकरणात शिकले.

सिमरोल रस्त्यावर एका कॉलेजचं गेट आहे. आत नव्या हॉस्टेलचं बांधकाम चालू होतं आणि सिमेंटचे ट्रक त्याच गेटातून आत जायचे. एका सकाळी असाच एक ट्रक गेटात वळत असताना ऋतुजा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी स्कूटरसकट त्याच्या डाव्या अंगाला सापडली. घोटा मोडला. स्कूटरचा पुढचा भाग चपटा झाला. ट्रक वीतभर आणखी पुढे गेला असता तर मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं.

त्याच दिवशी दुपारी मी गेटवर पोचले. गर्दी, घोषणा, फोटो. संध्याकाळी पॅम्फ्लेट तयार. दुसऱ्या दिवशी गेटवरच वाटलं.

तिसऱ्या दिवशी वानखेडे सरांनी मला बोलावलं. सर आमचे प्रमुख. नागपूरचे, आधी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर होते.

"त्या ट्रक कंपनीचा फोन आला होता. त्यांना बाहेरच्या माणसाकडून रिपोर्ट हवाय. अपघात कसा झाला, चूक कुणाची. शुक्रवारपर्यंत."

"मी सांगते ना चूक कुणाची."

"ते तू छापलंस, मयूरी. आता शोधून काढ."

"सर, त्यांच्याविरुद्ध पॅम्फ्लेट मी काढलंय. मीच कशी जाऊ?"

"म्हणूनच तू जा. तू त्या माणसाला निर्दोष म्हणालीस तर कुणी संशय घेणार नाही. आणि दोषी म्हणालीस तर पुरावा जोडावा लागेल."

कंपनीचे मॅनेजर चौहानजी. टेबलावर काच, काचेखाली ट्रकांचे फोटो. त्यांनी मला जीपीएसचा कागद दाखवला. गाडी कुठे होती, किती वेगात होती, कधी थांबली, सगळं त्या यंत्रात नोंदलं जातं. वेग अगदी कमी होता, चालत्या माणसाहून थोडा जास्त. आणि वळण अर्धं झालं असताना गाडी जागच्या जागी थांबली होती.

"देखिए मॅडम," चौहानजी म्हणाले, "आधे मोड़ में कोई ड्राइवर ऐसे नहीं रोकता. मतलब उसको लड़की दिख गई थी. दिख गई थी तो पहले क्यों नहीं रोका? आप तो बस एक शब्द लिख दो. लापरवाही."

"आणि ते काय म्हणतात?"

"बोलता है, बॉडी पे थाप पड़ी इसलिए रोका. मैंने पूछा किसने मारी? बोला पता नहीं. भूत ने मारी होगी."

सगळं प्रकरण या एका प्रश्नावर येऊन अडलं. दिसत होतं तर गायकवाड दोषी. दिसत नव्हतं तर ते थांबले कसे? बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस त्या दिवसापासून घरी बसवला होता. रिपोर्टात 'लापरवाही' आलं असतं तर या शहरात दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नसती.

गायकवाड महूचे. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात चष्मा. त्यांनी माझं पॅम्फ्लेट वाचलं होतं. तरी मला बसायला खुर्ची पुढे केली, आणि तेच जास्त लागलं.

"काका, वळण कसं घेतलं ते सांगा."

"गेट डाव्या हाताला. गाडी लंबी. सीधी डावीकडे घातली तर मागची चाकं खांबावर चढतात. म्हणून आधी गाडी उजवीकडे काढली, जगह बनवली, मग डावीकडे कापली."

ट्रक चालवत नसाल तर हे इथे समजून घ्या, कारण निम्मा अपघात इथेच आहे. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतून कापत जातात. म्हणून ट्रकवाला डावीकडे वळायच्या आधी थोडा उजवीकडे सरकतो. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला वाटतं, हा उजवीकडे चाललाय. डावीकडे मोकळी जागा दिसते. तो त्यात घुसतो. ती जागा मोकळी नसते. काही क्षणांत ट्रक तिथे येणार असतो.

"इंडिकेटर दिला होता?"

"दिला होता. पण मागच्या डाव्या लाइटवर तिरपालचा कोना लटकत होता. थांबल्यावर पाहिलं मी. सकाळी लोडिंग झाल्यावर रस्सी मीच बांधली होती. हे लिहा, मॅडमजी. ती गलती माझीच."

मी लिहून घेतलं: ताडपत्री, मागचा डावा लाइट. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"आणि डावीकडे बघायला कुणी नव्हतं?"

"पहिले खलासी असायचा, गाडीचा क्लीनर. तोच डावी बाजू बघायचा. खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे चल, लगातार थापा म्हणजे जिथे आहेस तिथे थांब. आता कंपनी दुसरा माणूस देत नाही. माझे वडील फौजेत गाडी चालवायचे. ते सांगायचे, दुसरा माणूस खाली उतरल्याशिवाय फौजेची गाडी मागे जात नाही. आमच्याकडे तर पुढे जायलाही दुसरा माणूस नाही." ते पहिल्यांदा थोडं हसले. "त्या दिवशी लगातार थापा पडल्या. इतक्या वर्षांची आदत. पाय आपोआप ब्रेकवर गेला. कोण, काय, विचारच नाही केला."

मग आम्ही ट्रक गेटबाहेर तसाच उभा केला आणि चुना मारला. गायकवाडांना दिसत नव्हतं, हे सिद्ध झालं. थाप कुणाची, हे राहिलं.

दुपारी ऋतुजाला भेटले. पाय प्लास्टरमध्ये, आई नाशिकहून आलेली. ऋतुजा म्हणाली, "मला वाटलं ट्रक मला जागा देतोय. म्हणून मी डावीकडून काढली."

"तू ओरडलीस?"

"नाही ताई. आवाजच निघाला नाही. पडल्यावर डोक्याच्या वर कुणीतरी ढोल बडवतंय असं वाटलं. मग चाक थांबलं."

म्हणजे ढोल खरा होता. मी परत गेटवर गेले. रखवालदाराला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घोषणा द्यायला पन्नास जण होते, आज साक्षीला एकही नाही.

गेटच्या कडेला जामाचा ठेला होता. इंदूरात पेरूला जाम म्हणतात. ठेलेवाल्या सुगनबाई बेटम्याकडच्या. भूक लागली होती म्हणून मी एक जाम चिरायला सांगितला. त्यांनी चार फाका केल्या, जीरावन मसाला भुरभुरला आणि कागदात गुंडाळून दिलं. कागदावर ठळक अक्षरं होती: "अंधे ड्राइवर".

"तुम वही पर्चे वाली बाई हो ना?" त्या म्हणाल्या. "कागज अच्छा है थारा. मोटा है. रस नी गळे."

मी खाली मान घालून खायला लागले. मान खाली होती म्हणूनच दिसलं. सुगनबाईंच्या डाव्या हातात कोपराकडे निम्म्यापर्यंत काचेच्या बांगड्या होत्या. उजव्या हातात एकही नव्हती. मनगटावर बारीक सुकलेल्या जखमा होत्या.

"बाई, या हातातल्या बांगड्या कुठे गेल्या?"

"टूट गी."

"ट्रकच्या पत्र्यावर?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कॉलेजवाले बोल रहे हैं, ठेलों की वजह से एक्सीडेंट हुआ. मुँह खोला तो पहले मेरा ठेला उठेगा. तू उठवाएगी?"

"नाही उठवणार. पण थाप मारायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचना क्या. मेरा आदमी खलासी था. ब्याह के बाद दो साल उसके साथ गाड़ी में घूमी हूँ. लोग चिल्ला रहे थे. गाड़ी वाला चिल्लाना सुनता है क्या? काच बंद, इंजन चालू. वो तो थाप सुनता है."

मी त्यांना एकच विनंती केली. त्यांनी ठेला शेजारणीच्या हवाली केला आणि आल्या. गायकवाड ट्रकमध्ये बसले, काच वर, इंजिन चालू. चौहानजींना मी फोन करून बोलावलं होतं, ते नाराज चेहऱ्याने लांब उभे. गायकवाडांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की गाडी हळूहळू पुढे घ्या.

आधी मी, रखवालदार आणि दोन रिक्षावाले ओरडलो. पोटातून ओरडलो. ट्रक चालतच राहिला.

मग सुगनबाई पुढे झाल्या आणि पत्र्यावर उजव्या हाताचा पंजा मारत सुटल्या. ट्रक जागेवर थांबला.

गायकवाड खाली उतरले. दारापाशी उभे राहिले. "हीच थाप," ते म्हणाले. "हाच हात." मग त्यांनी सुगनबाईंना दोन्ही हात जोडले. सुगनबाई म्हणाल्या, "अरे भिया, तुम रुके ना. रुकने वाला नी होता तो मैं क्या कर लेती." चौहानजी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

रिपोर्ट मी रात्र न घालवता त्याच संध्याकाळी लिहिला. चौहानजींनी समोर बसून वाचला.

"तो लापरवाही नहीं है?"

"आहे ना. तिरपाल काकांचं. रिकामी डावी सीट तुमची. आरसा सपाट, तोही तुमचा. सगळ्यांना एकच गेट उघडं ठेवणं कॉलेजचं. डावीकडून घुसणं ऋतुजाचं, ती स्वतःच म्हणते."

"बाकी सबका लिख दिया. आपका?"

"शेवटच्या पानावर आहे."

तिथे मी लिहिलं होतं की चौकशी न करता आमच्या संस्थेने पॅम्फ्लेट छापलं, लेखन माझं, आणि ते आम्ही मागे घेतोय. वानखेडे सरांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. फक्त 'आमच्या संस्थेने'खाली स्वतःची सही केली. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं तर ते फाइल शोधायला लागतील, म्हणून इथे लिहिते.

गायकवाड काका दोन आठवड्यांनी गाडीवर परतले. ताकीद मिळाली, ती तिरपालाची. डाव्या बाजूला फुगीर गोल आरसा बसला, त्यात जवळचंही दिसतं. शहरातल्या फेऱ्यांना आता डाव्या सीटवर माणूस असतो. सगळ्या गाड्यांवर नाही, पण मी चौहानजींना दर आठवड्याला फोन करते आणि ते दर आठवड्याला वैतागतात. बांधकामाच्या ट्रकांना मागचं गेट उघडून दिलं. ठेले उठले नाहीत.

ऋतुजाच्या आईने नाशिकला परतण्याआधी सुगनबाईंना बांगडीवाल्याकडे नेलं. डाव्या हातात भरपूर भरून घेतल्या त्यांनी. उजव्या हातात मात्र दोनच. "ये हाथ काम का है," म्हणाल्या.

नव्या पॅम्फ्लेटवर कुणी आंधळं नाही, कुणी बहिरं नाही. ट्रक उजवीकडे सरकला म्हणजे त्याने तुम्हाला जागा दिली असं समजू नका, मागे थांबा. तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. कुणी ट्रकखाली सापडतंय असं दिसलं तर ओरडण्यात वेळ घालवू नका. चाकांपासून लांब राहून पत्र्यावर थापा मारा, थांबेपर्यंत मारत राहा. हा शेवटचा मुद्दा मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवला नव्हता.

पहिली प्रत मी सुगनबाईंना नेऊन दिली. त्यांनी कागद दोन बोटांत धरून चाचपून पाहिला.

"पतला है," म्हणाल्या. "इसमें जाम नी बँधेगा. अब लोग पढ़ लेंगे शायद."