जिथे पिनोलला प्रवेश नाही

जिथे पिनोलला प्रवेश नाही तिथे आपण जायचं नाही, हा एलिओदोरो मास्तरांचा नियम होता. त्यांच्या वस्तीत तो पाळणं काही कठीण नव्हतं. मेक्सिकोच्या राजधानीतल्या त्या झाडांच्या भागात माणसापेक्षा कुत्र्याची बडदास्त जास्त. दर दुसऱ्या दुकानाच्या उंबऱ्याशी पाण्याचं भांडं. न्हाव्याकडे कुत्रा चालतो, औषधांच्या दुकानात चालतो, रविवारी देवळात शेवटच्या बाकाखाली घोरत पडला तरी पाद्री काणाडोळा करतो. कुत्र्यांसाठी केक भाजणारी एक बेकरीसुद्धा निघाली होती आणि तिथला केक माणसांच्या केकपेक्षा महाग होता. "देवानं मला चुकून माणूस केलं," असं नळदुरुस्तीवाला नाबोर उठता बसता म्हणायचा.

मास्तर शिंपी होते. वय एकाहत्तर, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका जुन्या इमारतीच्या तळाशी मशीन आणि एक माणूस मावेल एवढं दुकान आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर राहायची खोली. मध्ये चार जिने. त्यांचा कुत्रा पिनोल मशीनच्या पायथ्याशी पडून असायचा. भाजक्या मक्याच्या पिठाच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. मक्याचं ते गोड पीठ म्हणजेच पिनोल, म्हणून हे नाव. त्याच्या आईचं नाव कानेला, म्हणजे दालचिनी. मास्तरांनी नावं ठेवताना स्वयंपाकघराबाहेर कधी पाहिलं नाही.

दोघांचं छान चाललं होतं. सकाळी सातला झाडांखालच्या गोल रस्त्याला एक फेरी. दुपारी दोनला दोन्या मेचेच्या, म्हणजे मेचेबाईंच्या, खानावळीत सूप, भात, रस्सा, आणि टेबलाखाली पिनोलला हाड. शनिवारी संध्याकाळी चौकात बँड वाजायचा आणि वस्तीतली म्हातारी माणसं जोडीनं नाचायची. मास्तरांच्या एका हातात दोन्या मेचेचा हात असे आणि दुसऱ्या हातात पिनोलचा पट्टा. तिघं मिळून गोल फिरत. लोक हसत, पण ते हसणं मायेचं होतं. एवढं सुख असलं की त्याला दृष्ट लागते हे त्या वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, मास्तरांना मात्र सुचलं नाही.

या नियमामागे एक दुखणं होतं. सहा वर्षांपूर्वी पेन्शनच्या कागदासाठी ते एका सरकारी कचेरीत गेले होते. तिथे कुत्र्यांना मज्जाव. म्हणून म्हाताऱ्या कानेलाला गच्चीवरच्या खोलीत ठेवलं, दार ओढताना म्हणाले, "आलोच." रांगेत दिवस गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा दार उघडेना, कारण कानेला दाराला पाठ लावून मरून पडली होती आणि लहानगा पिनोल तिच्या पोटाशी होता. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते. मास्तरांनी ते कधी रंगवले नाहीत. आणि "आलोच" हा शब्द त्यानंतर कुठल्याच जनावराला उद्देशून काढला नाही. गरजच पडली नाही, पिनोल कायम बरोबर.

ऑगस्टमध्ये जिना चढताना त्यांच्या छातीवर कुणी तरी इस्त्री ठेवल्यासारखं झालं. औषधांच्या दुकानाला लागून स्वस्तात तपासणारी एक तरुण डॉक्टरीण बसायची. पिनोलसकट मास्तर तिच्याकडे गेले. तिनं नळी लावली, डाव्या हाताविषयी विचारलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"मास्तर, ही चिठ्ठी घ्या आणि आजच मोठ्या इस्पितळात जा. ठेवून घेतील दोन-चार दिवस. टाळू नका."

"तिथे कुत्रा चालतो?"

ती हसली. मास्तर हसत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी चिठ्ठीची चार घड्यांची पुरचुंडी करून बटणांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

ऑक्टोबर आला. दोन्या मेचे दरवर्षी खानावळीत मृतांची वेदी मांडायची. झेंडूच्या राशी, मेणबत्त्या, कोपालच्या धुपाचा ढग, पाण्याचा पेला, मीठ. मरून गेलेली माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला घरच्यांना भेटायला येतात, पण मुकी जनावरं त्याआधीच, सत्तावीस ऑक्टोबरला येतात, असं हल्ली सगळेच मानू लागलेत. त्यामुळे त्या दिवशी वस्तीतली मंडळी आपापल्या गेलेल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो आणून ठेवायची. मास्तरांकडे कानेलाचा एकच फोटो होता. बागेत काढलेला, संध्याकाळचा. तो त्यांनी यंदा पहिल्यांदाच नेऊन झेंडूत उभा केला, पुढे हाड ठेवलं, मेणबत्ती लावली आणि पिनोलला घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्या मेचे दुकानाच्या दारात उभी. हातात झेंडू नव्हते, फोटो होता.

"मास्तर, अक्कल गहाण ठेवलीत की काय?"

"काय झालं, दोन्या?"

"हे बघा! कानेलाच्या शेजारी हा कोण बसलाय? रात्रभर त्याच्यापुढे मेणबत्ती जळत होती!"

मास्तरांनी चष्मा लावला. कानेलाच्या कुशीत एक पिल्लू होतं. एक कान उभा, एक पडलेला.

मृतांच्या वेदीवर जिवंताचा फोटो ठेवायचा नाही, हे त्या देशात मुलं बोलायला लागण्याआधी शिकतात. ठेवला की पलीकडचे समजतात, हाही आपलाच, आणि जाताना त्याला सोबत घेऊन जातात. मास्तरांनी हे हजारदा ऐकलं होतं, दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण तो फोटो पाहताना त्यांना सहा वर्षं फक्त कानेलाच दिसत आली होती.

"मी घाईत..." ते म्हणाले.

"सकाळपासून खाल्लंय का त्यानं?"

दोघांनी खाली पाहिलं. पिनोलच्या थाळीत कालचा भात तसाच होता.

मास्तरांनी मोठी कात्री घेतली. त्यांनी कानेलाच्या अंगाला धक्का न लावता पिल्लू अलगद कापून काढलं. पिल्लाचा तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला, छातीपाशी. उरलेला फोटो दोन्या मेचेनं परत वेदीवर नेला. वर पाणी शिंपडलं, माफी मागितली, आणि कानेलाला समजावलं की पोराला नेऊ नकोस, त्याचं इथं बरं चाललंय.

कानेलानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. पिनोलचं वागणं मात्र दिवसेंदिवस चमत्कारिक होत गेलं. तो मास्तरांचा डावा हात चाटायचा, तासन् तास, कातडी लाल होईस्तोवर. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर पोचलं की आडवा बसायचा आणि मास्तरांना वर जाऊ द्यायचा नाही. मास्तर पायरीवर बसले, श्वास खाली बसला, की मगच उठायचा. रात्री दाराच्या ओरखड्यांपाशी नाक लावून कण्हायचा. मास्तरांना झोप येईना. ते त्याला हातानं घास भरवत आणि मनात एकच म्हणत, याला नेऊ नका, वाटेल ते करा, पण याला नेऊ नका.

खानावळीत सगळ्यांचं लक्ष पिनोलवर. आत शिरला की चमचे थांबायचे.

"बरगड्या दिसायला लागल्या हो," नाबोर म्हणाला.

"तुझी जीभ झडो," दोन्या मेचे म्हणाली. "खा आणि चालता हो."

जनावरांच्या डॉक्टरांनी पिनोलला उलटसुलट तपासलं. रक्त घेतलं, दात पाहिले, पोट दाबलं. मग हातमोजे काढत मास्तरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"कुत्रा ठणठणीत आहे. तुम्हाला काय होतंय, मास्तर? ओठ निळे दिसताहेत."

"मला काय धाड भरलीय? झोप नाही, एवढंच."

कुत्रा ठणठणीत आहे हे ऐकून त्यांना हायसं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. ज्याला औषध आहे असा आजार परवडला, असं त्यांना वाटलं.

दोन नोव्हेंबरला वेदी उतरवायची. दुपारचं जेवण उरकल्यावर मास्तर कानेलाचा फोटो घ्यायला गेले. खानावळीत दोन्या मेचे एकटीच, सुकलेले झेंडू टोपलीत भरत होती. दारातून उन्हाची तिरीप थेट वेदीवर पडली होती. मास्तरांनी फोटो उचलून उजेडात धरला. कानेला, बागेतलं गवत, आणि पिल्लू होतं तिथे कात्रीनं काढलेली खिंड. आणि त्या खिंडीखाली गवतावर पसरलेलं काहीतरी काळं. त्यांनी आजवर ते झाडाची सावली म्हणून सोडून दिलं होतं.

झाडाची नव्हती. त्या संध्याकाळी फोटो काढताना सूर्य मास्तरांच्या पाठीशी होता. टोपी घातलेलं डोकं, फोन धरलेले दोन कोपर, गळ्यात लोंबणारी मापाची पट्टी. सावली लांब पडली होती आणि तिचं डोकं कानेलाच्या पुढच्या पायांवर टेकलं होतं.

ते खुर्चीवर बसले.

"दोन्या," ते अगदी हळू म्हणाले, "पिनोलला काही होणार नाही."

"म्हणजे?"

त्यांनी सावलीवर बोट ठेवलं. दोन्या मेचेनं ओळखलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. मास्तर मात्र हसत होते. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. खरंच त्यांना आनंद झाला होता. त्यांनी खाली वाकून पिनोलचा पडलेला कान कुरवाळला. पिनोल लगेच डावा हात चाटू लागला.

तो ओला स्पर्श झाला आणि मास्तरांचं हसू मावळलं. डोळ्यांपुढे गच्चीवरची खोली आली. आतून लागलेली कडी. पलंगावर आपण. आणि दाराशी पिनोल, एक दिवस, दोन दिवस, नखांनी दार खरवडत. वर गच्चीवर त्याचं ऐकायला कोण येणार होतं?

"हे जनावर पाच दिवस तुमचा हात चाटतंय," दोन्या मेचे म्हणाली. तिचा आवाज चढला. "जिन्यात अडवतंय. आणि आपण सगळे गाढव त्याच्या बरगड्या मोजत बसलोय! त्या पोरीनं दिलेली चिठ्ठी कुठाय?"

"कुठली चिठ्ठी?"

"मला शिकवू नका. औषधांच्या दुकानातली ती पोर रोज माझ्याकडे जेवते. रोज विचारते, मास्तर गेले का. आणि मी मेली खोटं सांगते, जातील म्हणून."

"तिथे कुत्रा चालत नाही, दोन्या."

"आणि थडग्यात चालतो?"

मास्तरांना राग आला. पण मग त्यांनी मनगटाला गुंडाळलेला पट्टा सोडला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी जरा चालवून बघा. तुमच्याबरोबर येतो का ते बघू."

दोन्या मेचेनं पट्टा घेतला. कोपऱ्यापर्यंत गेली. नाचताना जो पिनोल तिच्या पायात पायात असायचा, तो आता दर चार पावलांवर थांबून मागे बघत होता. मास्तर खानावळीच्या दारात उभे होते. त्यांनी हात हलवून पुढे जा म्हणून खुणावलं. पिनोलनं जमिनीवर बूड टेकलं आणि हलायचं नाव घेईना.

"येईल सवयीनं," दोन्या मेचे ओरडली. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रोजच्या फेरीच्या वेळी, मास्तरांनी बटणांच्या डब्यातून चिठ्ठी काढली. खोलीची किल्ली दोन्या मेचेला दिली, आणि सांगितलं की दार उघडंच ठेवा, कडी लावू नका, कधीच. मग तिघं चालत निघाली. पाण्याच्या भांड्यांवरून, बेकरीवरून, न्हाव्यावरून. प्रत्येक उंबऱ्याशी पिनोल सवयीनं थांबायचा आणि आतलं कुणी तरी त्याला नावानं हाक मारायचं. मास्तरांना धाप लागत होती. दर कोपऱ्यावर ते कुत्र्याचं निमित्त करून उभे राहत.

इस्पितळाच्या फाटकाशी कुठलंच भांडं नव्हतं. पाटी होती, आणि पाटीवर कुत्र्याच्या चित्रावर लाल रेघ.

"कुत्रा बाहेर, आजोबा," पहारेकरी म्हणाला. चिठ्ठी वाचून त्यानं घाईनं चाकांची खुर्ची मागवली. ती घाई कुणालाच आवडली नाही.

"इथंच बसते मी," दोन्या मेचे म्हणाली. "खानावळ आज बंद. या दोरीचं टोक सोडणार नाही, जिवाची शपथ."

मास्तरांनी खिशातला पिल्लाचा तुकडा चाचपला. मग गुडघे मोडून पिनोलसमोर बसले. उठता येईल की नाही याचाही विचार केला नाही. पिनोलनं डावा हात शोधला. मास्तरांनी तो मागे घेतला नाही. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊन आत जाणारा माणूस कुत्र्याला जे बोलतो ते. सहा वर्षं त्यांनी तो शब्द दाताखाली दाबून धरला होता, कारण एकदा बोलले आणि तो खोटा ठरला.

खुर्ची आली. मागून कुणी तरी म्हणालं, "चला, आजोबा, वेळ नाही."

"आलोच," मास्तर म्हणाले.

पिनोलनं मान तिरकी केली, उभा कान आणखी उभा केला. हा शब्द त्याच्याशी कधीच कुणी बोललं नव्हतं. तो एकदा ऐकला होता, आईच्या पोटाशी झोपलेला असताना. तो उठला, फाटकाला पाठ लावून बसला, आणि दोन्या मेचेनं कितीही ओढलं तरी तिथून हलला नाही.