काळ्या कोंबडीची मान
काल मुलीनं आरशासमोर बसून टाचणीनं व्हिटॅमिन-ईची कॅप्सूल फोडली, आतलं पिवळं तेल गालांना लावलं, आणि त्या कुबट वासानं मला आमची काळी कोंबडी आठवली. मुलगी लहान होती तेव्हा एका उन्हाळ्यात त्या कोंबडीची मान अशी पिरगळली गेली, की चोच आभाळाकडे आणि पाय भलतीकडे. तिवशाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हेच तेल पाजायला सांगितलं. मी रोज तिला फडक्यात गुंडाळून मांडीत दाबायची, चोच उघडून तेलाचे थेंब सोडायची, मग मान हातात सरळ धरून भिजवलेल्या कण्या भरवायची. माझी मनगटं तिच्या नखांनी ओरबाडून निघाली होती. कुंपणापलीकडची चाची मात्र संध्याकाळी येऊन तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवायची आणि "मेरी रानी" म्हणायची. मान सरळ झाली, तशी कोंबडी माझी चाहूल लागताच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं दडू लागली. बरी झाल्यावरचं पहिलं अंडं तिनं चाचीच्या घरी, तिच्या टोपलीत घातलं. चाची ते ओढणीत घेऊन आली. "वाचवली तर तूच तिले," ती म्हणाली, "पण तुले पाहून भेते बिचारी." मी म्हटलं, "ठेवा तुमालेच," आणि दार लावून घेतलं. पुढं ती कोंबडी चाचीच्या मागं मागं फिरताना दिसली, की माझ्या हातून भांडी आपटली जायची. काल मुलीला विचारलं, माझं हळद-बेसन सोडून हे तेल लावायचं तुला कोणी सांगितलं? आरशातून नजर न काढता ती म्हणाली, "चाचीनं."