आधी खोड, मग बोट

नगरच्या एका डॉक्टरने मला फसवलं. हाताचा घाम घालवतो म्हणाला, घालवला. तो पाठीवर, पोटावर, मांड्यांत उतरेल आणि मरेपर्यंत तिथेच राहील, हे सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मी त्याच्याकडे परत गेलो. थंडीचे दिवस. बाहेर लोक कानटोप्या घालून चहा पीत होते आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता, पँट मांड्यांपर्यंत ओली. दवाखान्यातल्या गादीच्या खुर्चीवर बसणार, तेवढ्यात काउंटरवरची पोरगी ओरडली, "काका, थांबा! तसे नका बसू." रद्दीतला पेपर काढून तिने खुर्चीवर अंथरला. मग बोटाने खूण केली, आता बसा. हॉल भरलेला. शेजारच्या बाईने आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

मी बसलो. आज लिहितानाही चीड येते, पण बसलो.

मी घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करतो. बाप लोकांची गुरं वळायचा. मी सातवीतून शाळा सोडली आणि हुसेनचाचांच्या हाताखाली हा धंदा शिकलो. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती कितीही गर्दी असो, आकडा दोघांनाच कळतो. म्हणजे माझा धंदा हातावर. आणि माझ्या तळहाताला लहानपणापासून घाम. शाळेत पाटीवरची अक्षरं पुसून जायची. बाजारात एका बागायतदाराने उपरण्यातून हात काढला, धोतराला पुसला आणि चारचौघांत म्हणाला, "ह्यो हात हाय का म्हशीचं नाक?"

लोक खदखदून हसले. चाचा तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटील, नाक वलं हाय म्हंजी जनावर निरोगी हाय. कोरडं पडलं तर काळजी करा."

त्या दिवशी बागायतदारावर हसून बाजार उठला. पण पुढे चाचा वारले. हसणारे तेवढे राहिले. म्हणून मी ऑपरेशनला गेलो.

डॉक्टर म्हणाला, "काखेतून दोन छोटी छिद्रं. छातीतली नस बंद करायची. दुसऱ्या दिवशी घरी. हात आयुष्यभर कोरडे." मी काय केलं? फीवरून घासाघीस केली. ती थोडी उतरली तसा मी फुशारलो. मग इंग्रजीतले तीन कागद पुढे आले. फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या. गाईचे दात बघितल्याशिवाय, सड पिळून बघितल्याशिवाय दाव्याला हात न लावणारा माणूस मी. भाव पाडण्याच्या नादात मालात काय वाईट आहे ते विचारायचं राहिलं.

हात कोरडे झाले, हे खोटं नाही. शुद्धीवर आल्यावर बायकोचा हात धरून मी रडलो. आठ दिवसांनी पाठ सुरू झाली.

आता माझी गत ऐका. गाडीच्या डिकीत चार बनियन असतात. पांढरा सदरा अंगाला चिकटून आरपार दिसतो म्हणून सगळे काळे शिवून घेतले. जांघेत कातडी सोलते, पावडर लावावी तर तिचा चिखल होतो. बाळंतिणीच्या खाटेवर घालतात ते मेणकापड बायको माझ्या चादरीखाली घालते. पाहुण्यांच्या घरी मी उभा राहतो. "बसा की शेठ," म्हणतात. "कंबर धरलीय," म्हणतो. आणि तळहात एवढे सुकले की भेगा पडल्या. चाचांचं बोलणं आठवतं. कोरडं नाक.

पण खरा मार बाजारात बसतो. मी गाईचे गुण सांगत असतो आणि पाठीवरून धारा लागतात. समोरचा एकदा गाईकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "दलालाला एवढा घाम का फुटला रं? गाईत कायतरी दडवतुया." उपरण्याखालचा हात काढून घेतो आणि पुढे जातो. हाताच्या घामाला लोक नुसते हसायचे. या घामाने मी लबाड ठरलो.

तर त्या पेपरवर बसलो होतो, माझा नंबर आला. आत गेलो. डॉक्टरने माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"कोरडे आहेत. म्हणजे ऑपरेशन यशस्वी."

"आन् ही पाठ?"

"होतं असं. शरीर दुसरीकडून घाम काढतं."

"तुमाला आधी ठावं हुतं?"

"अर्थात. कागदावर होतं. तुम्ही सही केलीत."

"इंग्रजीत हुतं, सायेब."

"मग काय एकेक ओळ वाचून दाखवायची होती? आणि सांगून तरी तुम्हाला काय कळलं असतं?"

"नस परत जोडता येती का?"

"नाही." एवढंच. गोळ्या लिहून दिल्या.

गोळी घेतली की पाठ सुकते. तोंडही सुकतं. जीभ टाळूला चिकटते, शब्द सुटत नाही. जवळचं धूसर दिसतं. परवा चार दाती कालवड मी दोन दाती, म्हणजे वयाने लहान, सांगितली आणि मालकानेच हटकलं. गोळी घ्यावी तर दलालाची जीभ आणि डोळे जातात. न घ्यावी तर अब्रू जाते. बाजाराच्या दिवशी सकाळी मी ती गोळी हातात धरून बसतो. दोन्हीकडून दार बंद.

डॉक्टरचं ते वाक्य मात्र मला सोडेना. सांगून काय कळलं असतं. असंच एक वाक्य मीही एकदा बोललो होतो.

धंद्यात नवा होतो. कोल्हारच्या एका बाईला गाय घेऊन दिली. ती गाय मान वळवून स्वतःचंच दूध प्यायची. मला माहीत होतं. गप्प राहिलो. पुढच्या बाजारी बाई आली. "सकाळी धार काढाया बसावं तर कास मोकळी. पोरांच्या चहाला बी दूध न्हाई." मी म्हणालो, "तुमी इचारलं न्हाई." चाचांनी भर बाजारात माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाले, "इचारल्यावर तर चोर बी सांगतो. आधी खोड सांगायची, मग बोट धरायचं." त्याच दिवशी टेम्पो केला, कोल्हारला गेलो, गाय परत आणली. तिच्या दारात उभा राहून चुकलो म्हणालो.

मी सातवी नापास. ती डॉक्टरकी शिकलेली माणसं. जनावरांच्या बाजारात जी रीत आहे, ती त्या एसीच्या खोलीत नाही.

गेल्या आठवड्यात गोळ्या संपल्या म्हणून पुन्हा गेलो. समोर वीसएक वर्षांची मुलगी, शेजारी तिचे वडील. मुलीने मुठीत रुमाल दाबून धरला होता. तो रुमाल मी ओळखला. जन्मभर तसाच धरलाय.

"हाताला घाम येतो का, बाई?"

वडीलच बोलले, "परीक्षेत पेपर भिजतो हो तिचा. उद्या ऑपरेशन हाय."

तेवढ्यात काउंटरवरची पोरगी पेपर घेऊन आली. मी तो तिच्या हातून घेतला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. खुर्चीवर बसलो. पाठ टेकून, चांगला दाबून बसलो. मग उठलो आणि खुर्ची त्या दोघांकडे वळवली. पाठीचा, मांड्यांचा ओला ठसा उमटला होता.

"हात सुकतील. मग हे असं हुईल. समद्यांना एवढं हुतं का न्हाई, मला ठावं न्हाई. मला झालं. आन् परत फिरता येत न्हाई. इचारा त्यास्नी."

"काका, पेशंटला घाबरवू नका!" काउंटरवरची पोरगी ओरडली.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आला. "काय तमाशा आहे? बाहेर व्हा."

मुलगी उभी राहिली. "सर, हे खरं आहे का?"

तो तिच्याकडे न बघता वडिलांना म्हणाला, "आत या, आत बोलू."

"आत न्हाई," मी म्हणालो. "हितं. समद्यांम्होरं."

त्याने दवाखान्यातल्या दोन वॉर्डबॉयना खूण केली. दोघांनी मला दंडाला धरून जिन्याखाली आणलं. दंड ओला लागला तसे त्यांनी आपले हात पँटला पुसले. मागून ते बापलेकही उतरले. ऑपरेशन करतील की नाही, त्यांचं ते ठरवतील. आता माहीत असून ठरवतील.

माझी नस परत जुळणार नाही. हा घाम माझ्याबरोबर सरणापर्यंत येणार. पण ज्या दिवशी बाजार नसेल, त्या दिवशी मी त्या हॉलमध्ये असेन. पेपर अंथरू देणार नाही. बाहेर काढलं तर जिन्याच्या पायरीवर बसेन आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला ओला ठसा दाखवेन.

कोल्हारच्या त्या दारात मी उभा राहिलो होतो, डॉक्टर. आता तुम्ही उभे राहा. खोड तुम्हाला माहीत होती. ती मला का सांगितली नाही? मराठीत सांगा, आणि त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर सांगा.